घर क्रमांक अकरा

२४ ऑक्टोबर २००७

अश्विन आज सकाळच्या गाडीनं हैदराबादला परत गेला. दीक्षाभूमीला जाऊन आला, तीन दिवस घरी राहिला आणि जाता जाता माझ्या गळ्यात एक वेबसाइट अडकवून गेला. ही वही त्या कामासाठी आणली आहे. चौतीस वर्षं ग्रामपंचायतीत लिपिक होतो. वही नसली की काम केल्यासारखं वाटतच नाही.

वेबसाइटचं नाव 'नीमचौक'. चिंचबोडी गावातला आमचा मोहल्ला. बावीस घरं, मधोमध कडुनिंब, निंबाखाली हापसा. गावाच्या जागी आता कोळशाची खाण आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिथून उठलो आणि पांगलो. कोणी राजुऱ्याला, कोणी सिंदेवाहीला, कोणी कोरपन्याकडं सिमेंटच्या कामावर. मी आणि माझी बायको बायना इथं चंद्रपुरात, बाबुपेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत. कोण कुठं आहे, कोण आजारी आहे, कोणाचं लग्न ठरलं, कोणालाच कळत नाही. अश्विनचं म्हणणं, पोरं सगळीकडं कॉम्प्युटरवर बसतात, त्यांच्या मार्फत म्हाताऱ्यांपर्यंत बातमी जाईल.

त्यानं पडद्यावर बावीस चौकोन काढले, जसा मोहल्ला होता तसेच. चौकोनावर टिचकी मारली की त्या घरचं माणूस आता कुठं राहतं, फोन काय, हे दिसतं. घरांची यादी मला तोंडपाठ. मी सांगत गेलो, तो भरत गेला. अकराशी मी थांबलो.

"बाबा, अकरा? गफ्फारकाकांचं?"

"राहू दे रिकामं."

त्यानं आतल्या खोलीकडं पाहिलं. बायना भिंतीला टेकून बसली होती. तिनं ऐकलं असणार. आजकाल तिला दम लागतो, त्यामुळं बोलणं कमीच झालंय.

२९ ऑक्टोबर

रोज सकाळी दहा वाजता रामाजीच्या दुकानात जातो. आधी त्याचं एसटीडी बूथ होतं, आता तीन कॉम्प्युटर टाकून नेट कॅफे केलंय. पंचायतीत मराठी टाइपरायटरवर हात बसलेला, तीच अक्षरं इथं चालतात. रामाजी म्हणतो, "भाऊ, तुमी असे ठोकून राह्यले जसा खिळा ठोकता. हळू चालवा, बटनं तुटतीन."

वेबसाइटवर मी रोज 'आजची नोंद' लिहितो. दोन-तीन ओळी. आज लिहिलं की बाबुपेठेत वांगी आली आहेत, पण चिंचबोडीच्या वांग्यांची चव नाही. 'चावडी' म्हणून एक पान आहे, तिथं वाचणाऱ्यांनी आपलं लिहायचं. खाली किती लोक येऊन गेले त्याचा आकडा. आज सात. त्यातले चार मीच.

३ नोव्हेंबर

आज फोन वाजला. उचलला तर "खुशाल," एवढंच. मला भाऊ न लावता नुसतं खुशाल म्हणणारा एकच माणूस आहे. मी फोन ठेवून दिला.

वेबसाइटवर माझा नंबर आहेच, तिथूनच घेतला असेल. फोनवर त्याचाही नंबर उमटला होता. तो मी या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. का लिहिला, मलाच माहीत नाही.

एकदाचं लिहूनच टाकतो. गफ्फार माझा शेजारी. माझं घर बारा, त्याचं अकरा, मधे एकच भिंत. सायकली दुरुस्त करायचा. त्याची खैरुन आणि आमची बायना, दोघींनी त्या भिंतीत एक झरोका पाडून घेतला होता, वाटी जाण्यायेण्यापुरता. तीस वर्षं त्या झरोक्यातून अंबाडीची भाजी इकडं आली आणि आमच्याकडचं वरण तिकडं गेलं.

खाणवाले आले तेव्हा बावीस घरांनी निंबाखाली बसून ठरवलं. सगळ्यांना एका जागी वसवत असाल तर उठू, नाहीतर कोणी सही करायची नाही. पहिली सही गफ्फारनं केली. खाणीच्या सुरुंगानं त्याची मागची भिंत पडली होती, हे खरं. मी त्याला म्हटलं होतं, माझी पुढची खोली घे, पण सही करू नको. त्यानं ऐकलं नाही. रातोरात सिरोंच्याला गेला, नबीलकडं, त्याच्या पोराकडं. मग काय, महिन्याभरात एकेक करून सगळ्यांनी सह्या केल्या. संमतीचे कागद मीच लिहून दिले, नोकरीच होती ती. पण पहिली सही त्याची.

बायनानं विचारलं, फोन कोनाचा होता. म्हटलं, राँग नंबर.

१९ नोव्हेंबर

घर क्रमांक चारचा चैतू गेला. सिंदेवाहीला असायचा. सकाळी सात वाजता त्याच्या पोराचा फोन आला, "काका, बाबा गेले, वेबसाइटवर टाका."

मी त्याला म्हटलं, असं नसतं बाबा. नीमचौकाची रीत आहे. मयताच्या घरी चूल पेटत नाही. उजव्या हाताच्या घरून पहिला कडू घास येतो, आणि बातमीसुद्धा तेच घर बाकीच्यांना सांगतं. आपल्या माणसाला आपल्याच तोंडानं मेलं म्हणायचं नसतं. तुमच्या उजव्या हाताला गिरजाबाई. तिला कळव, ती मला सांगेल, मग मी टाकतो.

गिरजाबाई कोरपन्याला. तिचा फोन लागता लागता बारा वाजले. साडेबाराला मी बातमी टाकली, खाली लिहिलं: सांगणार, गिरजाबाई, घर क्रमांक तीन.

२३ नोव्हेंबर

चैतूकडं सात घरची माणसं पोचली. सात! दोन वर्षांत पहिल्यांदा. गिरजाबाई भाकरी आणि बेसनाचा डबा घेऊन पहिल्याच गाडीनं गेली. राजुऱ्याच्या तिघांना मात्र मयत मिळालं नाही. पोरगा म्हणाला, सकाळीच टाकलं असतं तर मिळालं असतं. असेल. पण रीत मोडून जोडलेल्या मोहल्ल्याला काय अर्थ आहे?

आकडा आज दोनशे नऊ. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

८ डिसेंबर

चावडीवर एक नवीन मजकूर. 'बायनाबाईची तब्येत कशी हाये? आजी रोज विचारते. अंबाडीचं बी जपून ठेवलं म्हणते. – जोया.'

कोण जोया? नीमचौकात जोया नाही. घर क्रमांक लिहिलेला नाही, गावही नाही. नियमाप्रमाणं असा मजकूर काढून टाकायला हवा. पण विचारलंय तर उत्तर द्यावं म्हणून खाली लिहिलं: 'प्रकृती उत्तम आहे.'

डॉक्टर म्हणाले हृदयाची झडप खराब आहे. औषधावर जितकं चालेल तितकं. ते काय चावडीवर लिहायचं?

२० डिसेंबर

बायनाला आज रामाजीच्या दुकानात नेलं. हट्टच धरला होता. पाचशे पावलांच्या रस्त्यात तीनदा बसली. रामाजीनं गल्ल्यावरची आपली खुर्ची दिली.

तिला वाचता येत नाही. मी चौकोन दाखवत गेलो, हे गिरजाबाईचं, हे चैतूचं, हा हापसा. ती हसली, म्हणाली, "निंब काऊन नाई काढला?" खरंच, निंब राहिला होता. मग तिनं आमचं घर शोधलं, आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे खैरुनचं."

"हो."

"मंग रिकामं काऊन?"

मी म्हटलं, पत्ता मिळत नाही. तिनं बोट काढलं नाही. रामाजी उगाच पंखा पुसायला लागला. शेवटी म्हणाली, "मले एक डाव तिले पाहाचं हाये वो. शोधून पाहा ना."

परत येताना रिक्षा केली. पडद्यावर तिच्या बोटाचा डाग राहिला होता, रामाजीनं पुसला असेल.

४ जानेवारी २००८

बायनाला सरकारी दवाखान्यात भरती केलं. पाय सुजलेत. उशाशी दोन उशा लागतात. बाजूच्या खाटेवरची बाई विचारते, तुमचं गाव कोणतं? ती सांगते, चिंचबोडी. असं सांगते की जणू संध्याकाळी परत जायचंय.

दुपारी मला जवळ बोलावलं. "तुमची ते मशीन साऱ्याईले शोधते म्हनता. खैरुनले काऊन नाई शोधत?"

मी म्हटलं, शोधून राह्यलो.

वही पिशवीत होती. मागचं पान पाच बोटांच्या अंतरावर.

१५ जानेवारी

दवाखान्यातून रोज अर्ध्या तासासाठी रामाजीकडं जातो. आजची नोंद चुकवत नाही. लोक वाट पाहतात, अशी माझी समजूत आहे. आज लिहिलं, थंडी वाढली आहे, म्हाताऱ्यांनी सकाळी बाहेर पडू नये.

चावडीवर परत जोया. 'आजी म्हणते बायनाबाई सपनात आली. खरं सांगा, बरी हाये ना? बरी नसन तर आमी येतो. सिरोंच्याहून एक गाडी हाये सकाळची.'

बराच वेळ बसून राहिलो. रामाजीनं विचारलं, "काय झालं भाऊ, मशीन अडकली का?" म्हटलं, नाही. आणि लिहिलं: 'प्रकृती उत्तम आहे. येण्याची गरज नाही.'

येणार म्हणजे तोही येणार. दवाखान्यात खाटेशी उभा राहणार, सगळ्यांसमोर. मग काय बोलायचं? बस, भाऊ, चहा घे? ज्यानं आमचा मोहल्ला पहिल्यांदा फोडला, त्याला? बायना बरी होईल. उन्हाळ्यात मी स्वतः तिला सिरोंच्याला नेईन, खैरुनला भेटवीन, आणि गफ्फारशी एक शब्द न बोलता परत येईन. असं मी ठरवलं आहे.

२४ जानेवारी

दवाखान्यातून सोडलं. डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा. त्याचा अर्थ मला कळतो. चौतीस वर्षं नोंदी केल्यात.

बायना आज दोनदा 'खैरुन' म्हणाली आणि एकदा आपल्या आईला हाक मारली. माझं नाव तिनं आयुष्यात कधी घेतलं नाही, आज तरी कशाला घेईल.

आजची नोंद लिहिली: तिळाचे लाडू इथं फार गोड करतात.

२८ जानेवारी

मागचं पान उघडलं. नंबर फिरवला. एकदा घंटी वाजली आणि मी फोन ठेवला. सहा वाजले होते, गफ्फार नमाजला गेला असेल, घरात असेल ती खैरुनच. तरी ठेवला.

उद्या लावतो.

२९ जानेवारी

बायना गेली. पहाटे चारला पाणी मागितलं, सव्वाचारला गेली.

३० जानेवारी

घरमालक भला माणूस. गाडी, लाकडं, सगळं त्यानं पाहिलं. अश्विन संध्याकाळी पोचला. तिचा भाऊ सिंदेवाहीहून आला. विहारातले भंतेजी आले. शेजारच्या बाईनं चहा दिला. सगळ्यांनी सगळं केलं, कोणाला नावं ठेवायला जागा नाही.

नीमचौकातलं कोणी आलं नाही. येणार कसं? कळलंच नाही कोणाला.

अश्विन म्हणाला, "बाबा, वेबसाइटवर टाकतो."

म्हटलं, आपल्याला टाकता येत नाही. उजव्या हाताच्या घरानं सांगायचं असतं.

तो हळूच म्हणाला, "बाबा, उजव्या हाताचं घर तुम्ही रिकामं ठेवलंय."

१ फेब्रुवारी

अश्विन रोज विचारतो, मी रोज नाही म्हणतो. रीत आहे म्हणून. चैतूच्या पोराला मी सकाळी सात ते बारा ताटकळत ठेवलं, आणि आपल्या घरी आलं तर सूट घ्यायची? रीत म्हणूनच. नाही. माहीत नाही. लिहिलं की लोक विचारतील, आजारी कधीपासून होती, आणि वर माझंच उत्तर दिसेल, प्रकृती उत्तम.

चूल पेटवलेली नाही. मेव्हण्याच्या घरचा डबा आला होता, ते सगळे जेवले. मला घास उतरत नाही.

२ फेब्रुवारी

आज दुपारी तीन वाजता दारात रिक्षा थांबली. आधी खैरुनबाई उतरल्या, छातीशी पितळेचा डबा धरून. मागून गफ्फार. केस पार पांढरे झालेत त्याचे. एका पायानं लंगडतो, हे मला माहीत नव्हतं.

खैरुनबाई दारातच म्हणाल्या, "खुशालभाऊ, चार दिवस झाले, तुमी काही लिवलं नाई. जोयानं रोज पाह्यलं. पहिल्या दिवशी म्हनलं, लाइन गेली असन. दुसऱ्या दिवशी म्हनलं, बायनाले घेऊन कुठी गेले असन. काल मी ह्याईले म्हनलं, उठा, बायना गेली."

जोया म्हणजे नबीलची बायको. लग्न गेल्या वर्षी झालं, आम्हाला बोलावणं आलं होतं, मी पत्रिका फाडली होती. खैरुनबाईंना सासूऐवजी आजीच म्हणते, गल्लीतली सगळी पोरं म्हणतात म्हणून.

डबा उघडला. भात आणि अंबाडीची भाजी. काल रात्री रांधलेला, पहाटेपासून गाडीत. दोन गाड्या बदलल्या. झाकण काढलं तसा आंबूस वास आला. बाईंनी पटकन पदर लावला डोळ्याला. "आंबला वाटते भाऊ. पन दुसऱ्या कोनाच्या हातचा पहिला घास कसा देऊ?"

अश्विन म्हणाला, काकू, राहू द्या, त्रास होईल. मी ताट घेतलं. सगळा खाल्ला. पाच दिवसांनी पोटात अन्न गेलं.

गफ्फार दाराच्या उजव्या बाजूला भिंतीशी बसून होता. मी हात धुऊन त्याच्याजवळ जाऊन बसलो.

मग खैरुनबाईंनी ते विचारलंच. रागानं नाही, खरंच न कळून विचारलं. "भाऊ, तुमी तर लिवलं होतं ना, तब्येत बरी हाये म्हनून? मी तर गाडीचं तिकीट काढाले नबीलले धाडलं होतं. मंग तुमचं उत्तर आलं, तवा म्हनलं चला, बरी हाये."

मी म्हटलं, हो, लिहिलं होतं.

जोया कोण हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. अंबाडीच्या बियांवरूनच कळलं होतं. या वहीतसुद्धा मी खोटं लिहिलं. मी नोंदणारा माणूस, आणि माझ्या घरची सर्वांत मोठी नोंद मीच खोटी केली. बायनाला एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती माझ्या पिशवीत होती.

३ फेब्रुवारी

सकाळी जलदानविधी झाला. खैरुनबाई शेवटपर्यंत बसल्या. डोक्यावर पदर घेऊन, बायनाच्या फोटोसमोर.

दुपारी गफ्फारला म्हटलं, "चाल."

"कुठी?"

"बातमी सांगायची राह्यली. तुले सांगायची हाये."

तिघं रामाजीकडं गेलो. त्याला कळलं होतं, त्यानं दुकानातलं गिऱ्हाईक उठवलं. सांगणाऱ्याचं घर रिकामं असून चालत नाही, म्हणून मी आधी अकरावा चौकोन उघडला. गफ्फार आणि खैरुन, मुक्काम सिरोंचा. फोन नंबर वहीच्या मागच्या पानावरून उतरवला. एक आकडा दोनदा चुकला. गफ्फारनं नंबर ओळखला. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, तीन नोव्हेंबरची तारीख घातलेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मग मी उठलो. पुढचं मी टाइप करू शकत नव्हतो. रामाजी बसला. गफ्फार उभा राहिला, निंबाखाली उभं राहून सांगायचा तसा, खणखणीत.

"नीमचौकाच्या साऱ्या घरांले. आपली बायनाबाई, घर बारा, मंगळवारी पहाटे गेली. सांगनार गफ्फार, घर अकरा."

रामाजीनं जसंच्या तसं टाकलं. मी काही सुधारलं नाही.

खैरुनबाई पडद्याजवळ आल्या. त्यांनाही वाचता येत नाही. चौकोन पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हे आमचं का? बायनाच्या बाजूचं?"

"हो."

"तिनं पाह्यलं होतं, भाऊ? आमचं घर इथी?"

मी म्हटलं, "पाह्यलं होतं. याच खुर्चीवर बसून. त्याच्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती."

खैरुनबाईंचा चेहरा कसा निवला. म्हणाल्या, "बस. मंग झालं."

यातला एकही शब्द खोटा नाही.